नेटवर्कवर पत्ता आपोआप कसा मिळतो: डीएचसीपी समजून घेऊन नीट बसवण्याची पद्धत

पुण्यातील स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेचे नेटवर्क मी पाहतो. तिथे दुपारी बाराची पाळी बसली की रोज एकच तक्रार येत असे. वाय-फायची खूण दिसते, पासवर्ड बरोबर आहे, पण फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या ओळीवर अडकतो आणि थोड्या वेळाने जोडणी सोडून देतो. सकाळी सातच्या पाळीतील कोणालाही ही अडचण कधी आली नव्हती. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की सगळे सुरळीत होई, त्यामुळे राउटर तापतो अशी सर्वांची पक्की समजूत झाली होती आणि नवा, महागडा राउटर घेण्याचे जवळजवळ ठरले होते. राउटरमध्ये मुळात काहीच बिघाड नव्हता. त्याच्याकडे वाटण्यासाठी १०० पत्ते होते, प्रत्येक पत्ता तो २४ तासांसाठी देत होता, आणि सकाळची पाळी घरी जाताना त्यांतले सुमारे ८० पत्ते अडवून जात होती.

या लेखात पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे डीएचसीपीचे काम कसे चालते ते आधी पाहू आणि नंतर याच अभ्यासिकेच्या उदाहरणावरून ती कशी बसवायची ते टप्प्याटप्प्याने पाहू. साठ-सत्तर माणसांचे कार्यालय, शाळेची संगणक प्रयोगशाळा, लहान रुग्णालय किंवा लॉज यांनाही हीच पद्धत लागू पडते. लेखातील सर्व पत्ते आणि आज्ञा प्रत्यक्ष यंत्रात इंग्रजी अंकांत आणि इंग्रजी लिपीतच भरायच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

चार संदेशांचा व्यवहार

नेटवर्कला नुकत्याच जोडलेल्या फोनकडे स्वतःचा पत्ता नसतो आणि पत्ता कोणाकडे मागायचा हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून तो प्रेषकाच्या जागी ०.०.०.० आणि प्राप्तकर्त्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ लिहून, त्या नेटवर्कवरील सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो: पत्ता देणारे कोणी आहे का? या पहिल्या संदेशाला डिस्कव्हर म्हणतात. त्यात फोन आपला मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क भागाचा ओळख-क्रमांक) आणि त्या व्यवहारापुरता एक क्रमांक लिहितो, म्हणजे एकाच वेळी दहा फोन विचारत असले तरी कोणते उत्तर कोणाचे याचा घोटाळा होत नाही. हाक डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचते. लहान नेटवर्कमध्ये हा सर्व्हर बहुधा राउटरमध्येच असतो. तो एक मोकळा पत्ता निवडून देऊ करतो, हा दुसरा संदेश, ऑफर. फोन तिसऱ्या संदेशाने, म्हणजे रिक्वेस्टने, तोच पत्ता रीतसर मागतो आणि सर्व्हर चौथ्या संदेशाने, अ‍ॅकने, तो पक्का करतो. सर्व्हर ६७ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर (संदेश घेण्याच्या क्रमांकित दारावर) ऐकतो आणि फोन ६८ वर. सगळे ठीक असेल तर हा व्यवहार डोळ्याचे पाते लवेपर्यंत पुरा होतो.

तिसरा संदेशही फोन सर्वांना ऐकू जाईल असाच पाठवतो, आणि त्याला कारण आहे. नेटवर्कवर दोन सर्व्हर असतील तर दोघांकडूनही ऑफर येते. फोनने कोणाची स्वीकारली हे या जाहीर मागणीतून दुसऱ्याला कळते आणि तो आपण बाजूला काढलेला पत्ता परत मोकळा करतो. पुढे दिलेला दुसऱ्या राउटरचा घोटाळा समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल: पत्ता मागणारे यंत्र सर्व्हरची ओळख पटवून घेत नाही, जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवते.

अ‍ॅकबरोबर पत्ता तर येतोच, शिवाय सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच गटातले हे ठरवणारा आकडा), बाहेर जाण्याचा रस्ता म्हणजे गेटवे, डीएनएस सर्व्हरचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते आणि हा पत्ता किती काळासाठी दिला आहे ती मुदत, हेही येते. या मुदतीला लीज म्हणतात. घर अकरा महिन्यांच्या करारावर घेतात तसेच हे आहे. मुदत संपेपर्यंत जागा तुमची आणि पुढेही राहायचे असेल तर करार संपायच्या आधीच नूतनीकरण करायचे. यंत्र हे नूतनीकरण अर्धी मुदत उलटताच मागते. उत्तर आले नाही तर ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्याच्याकडेच अधूनमधून पुन्हा विचारते. मुदतीचा ८७.५ टक्के भाग सरला की कोणताही सर्व्हर चालेल म्हणून सर्वांना हाक देते. मुदत संपली आणि तरीही उत्तर नसेल तर त्याला पत्ता सोडावाच लागतो.

ही मुदतीची कल्पना पहिल्यापासून नव्हती. १९८५ मध्ये आलेल्या बूटपी या पद्धतीत प्रत्येक यंत्राची नोंद कोणीतरी हाताने तक्त्यात करून ठेवावी लागे आणि एकदा नेमून दिलेला पत्ता त्या यंत्राकडेच राही. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रॉम्स यांनी मांडलेले डीएचसीपीचे प्रमाणक ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज वापरात असलेले त्याचे मुख्य रूप मार्च १९९७ चे आहे. संदेशाचा आराखडा आणि पोर्टचे क्रमांक त्यांनी बूटपीचेच ठेवले आणि पत्ता ठराविक काळापुरता देऊन परत घेण्याची सोय त्यात आणली. माझ्या अनुभवात लहान नेटवर्कमधील डीएचसीपीच्या बहुतेक तक्रारी या मुदतीच्या आणि पत्त्यांच्या संख्येच्या हिशेबातच सापडतात. म्हणून राउटरला हात लावण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा असा माझा आग्रह असतो.

आधी कागदावरचा हिशेब

अभ्यासिकेत ६० आसने आहेत आणि पाच-पाच तासांच्या तीन पाळ्या आहेत: सकाळी ७ ते १२, दुपारी १२ ते ५ आणि संध्याकाळी ५ ते १०. प्रत्येकाकडे फोन आहे आणि साधारण दर तिसऱ्याकडे लॅपटॉप आहे. म्हणजे एका पाळीत ८० यंत्रे आणि दिवसभरात २४० वेगवेगळी यंत्रे येतात. बहुतेक फोन वाय-फायच्या टप्प्याबाहेर जाताना ‘माझा पत्ता परत घ्या’ असे सांगत नाहीत, त्यामुळे माणूस निघून गेला तरी त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. २४ तासांच्या मुदतीत सकाळी सातला घेतलेला पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोकळा होतो, म्हणजे नेमका सकाळच्या पाळीसाठीच. १०० पैकी ८० पत्ते असे अडकल्यावर दुपारच्या पाळीला २० उरत आणि ते संपले की बाकीच्यांची हाक विनाउत्तर जाई. राउटर बंद करून चालू केला की त्याच्या स्मरणातील वाटपाची यादीच पुसली जाई, म्हणून तात्पुरता आराम पडे. घरगुती राउटरांपैकी बरेचसे ही यादी कायमस्वरूपी साठवत नाहीत. ‘बंद करून चालू केले की चालते’ हे लक्षण दिसले तर मी आता आधी पत्त्यांची मोजणी करतो.

मुदत तीन तासांची केली तर काय होते ते पाहा. कोणत्याही क्षणी पत्ते अडवून बसलेली यंत्रे म्हणजे चालू पाळीतील ८० आणि गेल्या तीन तासांत निघून गेलेली फार तर ८०, मिळून १६०. पाळी पाच तासांची असल्यामुळे तिसऱ्या पाळीचा भार यात कधीच मिसळत नाही. २०० पत्त्यांचा साठा ठेवला की ४० पत्ते हाताशी शिल्लक राहतात.

मग मुदत दहा मिनिटांचीच का ठेवू नये, असे कोणी विचारेल. नूतनीकरण अर्ध्या मुदतीला होत असल्याने जोडलेल्या यंत्राकडे नेहमी किमान अर्धी मुदत शिल्लक असते. मुदत तीन तासांची असेल तर डीएचसीपी सर्व्हर दीड तास बंद पडला तरी आत बसलेल्या कोणाचेही काम अडत नाही. दहा मिनिटांची असेल तर पाच मिनिटांनंतर एकेक यंत्र पत्ता गमावू लागते. शिवाय एवढ्या यंत्रांनी दर पाच मिनिटांनी नूतनीकरण मागत राहणे हा विनाकारण भार आहे. जिथे तीच माणसे तीच यंत्रे घेऊन रोज येतात अशा कार्यालयात एक दिवस किंवा त्याहून मोठी मुदत उत्तम. विंडोज सर्व्हरमध्ये ती मुळात ८ दिवसांची असते आणि कार्यालयासाठी ती योग्यच आहे. जिथे माणसे येतात-जातात तिथे, एखादा माणूस जितका वेळ बसतो त्याच्या निम्म्यापासून तेवढ्याच काळापर्यंतची मुदत मी ठेवतो.

मोजणीत आणखी एक गोष्ट हमखास सुटते. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ यांपासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक वाय-फाय नावासाठी एक वेगळा, मनाने तयार केलेला मॅक पत्ता दाखवतात. अभ्यासिकेच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन वेगळी नावे ठेवलेली होती. एकच फोन कधी या नावाला, कधी त्या नावाला जोडला जाई आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी यंत्रे ठरून दोन पत्ते जात. दोन्हींना एकच नाव दिल्यावर हे थांबले.

पत्त्यांची विभागणी

खासगी नेटवर्कसाठी राखलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यातही १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे गट टाळावेत. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने लावलेला फायबर मोडेम बहुधा स्वतःच यांपैकी एक गट वापरत असतो. त्यामागे आपला राउटरही त्याच गटावर ठेवला तर राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच गट येतो आणि पॅकेट कुठे पाठवायचे याचा त्याला निवाडा करता येत नाही. अभ्यासिकेसाठी मी १९२.१६८.५०.० हा गट घेतला. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवला की वापरण्याजोगे २५४ पत्ते मिळतात.

त्यांची वाटणी अशी केली. शेवटचा आकडा १ हा राउटरला. २ ते ९ अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे यंत्र) आणि स्विचला (केबली एकत्र जोडणारे यंत्र). १० ते ३९ प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र आणि कार्यालयातील संगणक यांना. ४० ते ४९ मोकळे. आणि ५० ते २५० हा आपोआप वाटायचा साठा, म्हणजे २०१ पत्ते. २५४ पुरणार नाहीत इतकी गर्दी असेल तर मास्क २५५.२५५.२५४.० करावा, म्हणजे ५१० पत्ते मिळतात. मात्र त्यापुढे गट वाढवत नेण्यापेक्षा नेटवर्कचे वेगळे भाग करणे बरे, कारण सर्वांना ऐकू जाणारी प्रत्येक हाक त्या गटातील प्रत्येक यंत्राला ऐकावी लागते.

प्रिंटरचा पत्ता बदलला की छपाई बंद पडते, म्हणून अशा यंत्रांना कायमचा पत्ता हवा. तो दोन प्रकारे देता येतो. प्रिंटरच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने भरणे हा एक मार्ग आणि राउटरमध्ये ‘या मॅक पत्त्याला नेहमी हाच आयपी द्यावा’ अशी नोंद करणे, म्हणजे रिझर्व्हेशन, हा दुसरा. मी दुसराच मार्ग सुचवतो. सगळ्या नोंदी एका जागी राहतात आणि पुढे गेटवे किंवा डीएनएस बदलला तर प्रत्येक यंत्रापाशी जावे लागत नाही. हाताने भरलेला पत्ता वाटपाच्या साठ्यातला असेल तर तोच एखाद्या फोनला दिला जाण्याचा धोका राहतो. काही सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का हे पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते, पाहतात आणि यंत्रेही पत्ता मिळाल्यावर एकदा चाचपून पाहतात, पण त्या वेळी प्रिंटर बंद असेल तर दोघेही फसतात. रिझर्व्हेशनचा पत्ता साठ्याच्या आत असावा की बाहेर, याबाबत मात्र सर्व्हरांचे नियम वेगवेगळे आहेत. विंडोज सर्व्हरला तो स्कोपच्या (त्याने वाटायच्या पत्त्यांच्या गटाच्या) आतच लागतो, काही घरगुती राउटरही तसेच वागतात. आपल्या राउटरने साठ्याबाहेरचा पत्ता नाकारला तर साठा १० पासून सुरू करून नोंदी आत कराव्यात.

राउटरवर प्रत्यक्ष काम

हे काम पाळी सुटल्यावर, लॅपटॉप केबलने राउटरला जोडून करावे, कारण वाय-फायवरून करताना मध्येच जोडणी तुटते आणि कोणता बदल जतन झाला ते कळत नाही. प्रथम राउटरच्या सध्याच्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्यावी. मग सेटिंगमधील लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, पानावर जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.५०.१ करावा आणि जतन करावे. राउटर पुन्हा सुरू होईल आणि जुन्या पत्त्यावर त्याचे पान उघडणार नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. केबल काढून पुन्हा लावली की लॅपटॉपला नव्या गटातील पत्ता मिळतो आणि पान नव्या पत्त्यावर उघडते.

त्यानंतर डीएचसीपीच्या पानावर सुरुवातीचा पत्ता ५० आणि शेवटचा २५० भरावा. मुदतीच्या रकान्यापाशी थांबून एकक वाचावे. काही राउटर मिनिटे मागतात, काही सेकंद. तीन तास म्हणजे १८० मिनिटे किंवा १०,८०० सेकंद. सेकंदांच्या रकान्यात १८० भरले तर मुदत तीन मिनिटांची होते आणि सगळे नेटवर्क दीड-दीड मिनिटाला नूतनीकरण करत बसते. ही चूक मी स्वतः केली आहे. गेटवेच्या जागी राउटरचाच पत्ता असावा. डीएनएसच्या दोन जागा असतील तर दोन्ही भराव्यात. शेवटी रिझर्व्हेशनच्या नोंदी कराव्यात. प्रिंटर आणि हजेरी यंत्राचा मॅक पत्ता सहसा मागील किंवा तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. त्यातील इंग्रजी बी आणि ८, किंवा डी आणि शून्य यांत गल्लत होते, म्हणून फोनने फोटो काढून मोठा करून पाहावे.

दुसरा राउटर जोडताना

अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचत नव्हता म्हणून पुढे कोणीतरी घरातला जुना राउटर आणून भिंतीतल्या केबलला जोडला. त्याचा स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालूच होता. आता एका हाकेला दोन उत्तरे येऊ लागली आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचे त्याचा पत्ता फोन घेई. जुन्या राउटरने दिलेला गेटवे तो स्वतःच होता आणि त्याला तर बाहेरचा रस्ताच नव्हता. परिणाम असा की शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे इंटरनेट चाले आणि दुसऱ्याचे नाही.

जुना राउटर वापरायला हरकत नाही, पण क्रम पाळावा लागतो. तो आधी एकट्या लॅपटॉपला जोडून त्यातील डीएचसीपी बंद करावा, त्याला १९२.१६८.५०.२ असा ठरवून ठेवलेल्या भागातील पत्ता द्यावा, आणि नंतरच मुख्य केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी, इंटरनेटसाठी असलेल्या वॅन पोर्टमध्ये नाही. मोठ्या ठिकाणी हा धोका मुळातच मिटवायचा असेल तर डीएचसीपी स्नूपिंगची सोय असलेला मॅनेज्ड स्विच घ्यावा. ज्या पोर्टला खरा सर्व्हर जोडला आहे तेवढेच पोर्ट विश्वासाचे म्हणून नोंदवले की इतर पोर्टमधून आलेल्या ऑफर आणि अ‍ॅक स्विच तिथेच अडवतो.

तपासणी

विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’ असे टाइप करावे. येणाऱ्या मजकुरात पत्ता, मास्क आणि गेटवे तर असतातच, पण मी सर्वांत आधी डीएचसीपी सर्व्हरची ओळ पाहतो. तिथे १९२.१६८.५०.१ सोडून दुसरे काहीही दिसले की कोणीतरी दुसरा राउटर जोडला आहे हे नक्की. त्याच ठिकाणी लीज कधी मिळाली आणि कधी संपणार तेही दिसते. या दोन वेळांतील फरक तीन तासांचा असावा. ‘ऑल’ऐवजी ‘रिलीज’ लिहिले की पत्ता परत जातो आणि ‘रिन्यू’ लिहिले की नव्याने मागितला जातो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो कोणी दिलेला नाही. हाकेला उत्तर न मिळाल्यामुळे संगणकाने स्वतःच तो घेतला आहे. अँड्रॉइड फोन असा पत्ता न घेता जोडणीच सोडून देतो, म्हणून फोनवर ही खूण दिसत नाही. अशा वेळी एका लॅपटॉपवर साठ्याबाहेरचा, ४५ हा मोकळा पत्ता हाताने भरून पाहावा. तरीही राउटरला पिंग जात नसेल तर दोष केबलचा, स्विचचा किंवा वाय-फायचा आहे. पिंग जात असेल तर दोष डीएचसीपीत आहे. मग राउटरच्या पानावर वाटलेल्या पत्त्यांची यादी उघडून मोजावी. पत्ता हातात आहे, गेटवेला पिंगही जातो, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर डीएनएसचा रकाना पाहावा.

कार्यालय आणि विद्यार्थ्यांचे नेटवर्क व्हीलॅनने (एकाच स्विचवर केलेल्या आभासी विभागणीने) वेगळे केले तर आणखी एक प्रश्न येतो. सर्वांना दिलेली हाक व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही, त्यामुळे दुसऱ्या भागातील सर्व्हरपर्यंत ती पोहोचतच नाही. त्यासाठी दोन भागांना जोडणाऱ्या राउटरवर किंवा स्विचवर डीएचसीपी रिले चालू करावा. तो हाक ऐकून थेट सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो आणि ती कोणत्या भागातून आली हे सोबत लिहितो, त्यावरून सर्व्हर योग्य साठ्यातला पत्ता देतो. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत बहुतेक यंत्रे राउटरच्या घोषणेतून गटाचा पूर्वभाग घेऊन उरलेला पत्ता स्वतः तयार करतात, त्यामुळे वर सांगितलेली संख्येची टंचाई तिथे उद्भवत नाही.

शेवटचे काम कागदाचे आहे. राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा आणि त्यावर गट, मास्क, वाटपाचा साठा, लीजची मुदत, रिझर्व्हेशन केलेल्या प्रत्येक यंत्राचे नाव व त्याचा शेवटचा आकडा, आणि बदल केल्याची तारीख लिहावी. अभ्यासिकेत नवे हजेरी यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने हाच कागद पाहून १३ हा मोकळा आकडा घेतला आणि त्याखाली तारीख घालून नोंद केली.